तांबड्या भोपळ्याची कुळकथा

मराठी भाषेने भोपळ्यावर फार अन्याय केला आहे. परीक्षेत शून्य गुण पडले की मुलाला भोपळा मिळाला असे आपण म्हणतो. एखाद्याची खोटी समजूत उघडी पडली की भ्रमाचा भोपळा फुटतो. दोघांचे जन्मात पटत नसले की त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य आहे असे आपण हसत हसत सांगतो. बरे, ज्याची एवढी थट्टा करावयाची ते फळ आपल्या घरी उपरे असावे, तर तसेही नाही. उपवासाच्या ताटात त्याचे भरीत असते, प्रवासाच्या डब्यात त्याचे घारगे असतात, आणि लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघाच्या तोंडून सुखरूप घरी आणणारे वाहन म्हणजेही भोपळाच. आपल्या पोराबाळांची पहिली गोष्ट त्याच्यावाचून पुरी होत नाही.

व्याख्यानाच्या विषयपत्रिकेत भोपळ्याचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. स्वयंपाकघराने बखर लिहून ठेवलेली नाही हे खरे. पण त्याने पुरावे मात्र जपून ठेवले आहेत. शब्द हा त्याचा कागद, चालीरीत ही त्याची सनद आणि बी हा त्याचा शिलालेख. ह्या तीन साधनांच्या आधारे तांबड्या भोपळ्याची कुळकथा सांगावी, आणि ती सांगता सांगता तो घरी कसा रांधावा, त्याच्या बियांचे काय करावे, ह्याचाही विचार करावा, एवढाच आमचा आजचा हेतू आहे. एखादी वस्तू 'आपली' कशाने होते, हा प्रश्न ह्या कथेच्या पोटात दडलेला आहे, आणि तो दिसतो तितका लहान नाही.

प्रथम भोपळा म्हणजे कोण, हे निश्चित केले पाहिजे. आपल्या बाजारात ह्या कुळातली तीन मोठी फळे नांदतात, आणि जुन्या ग्रंथांचे वाचन करणारा अनेकदा ह्या तिघांची गल्लत करतो. पहिला दुध्या भोपळा आणि त्याचाच सख्खा भाऊ कडू भोपळा. ह्याचे मूळ आफ्रिकेतले. पण माणसाने लेखनकला शिकण्याच्या कितीतरी आधी तो आशियात आणि अमेरिकेतही पोचलेला होता. वाळला की त्याची कवटी लाकडासारखी होते. नदीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधतात तो हाच, बैराग्याच्या हातातला तुंबा हाच, आणि तंबोऱ्याला ज्याने स्वर दिला तोही हाच. मिरजेच्या कारागिरांकडे जाणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात ह्या फळाचाही वाटा आहे.

दुसरा कोहळा. संस्कृतातला कूष्मांड तो हा. अंगावर पांढरी भुकटी, आत पांढरा गर. ह्याचेच सांडगे घालतात, ह्याचाच पेठा करतात. शांतीकर्मात बळी म्हणून जो फोडतात आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर जो टांगतात, तोही कोहळाच. आवळा देऊन जो काढावयाचा, तोही हाच.

आणि तिसरा आपला तांबडा भोपळा. ज्याला तिघांची ओळख पक्की करावयाची असेल त्याने फळाकडे न पाहता वेलीवरच्या फुलाकडे पाहावे. दुध्याचे फूल पांढरे असते आणि ते संध्याकाळी उमलते. तांबड्या भोपळ्याचे फूल मोठे, केशरी-पिवळे, पहाटे उमलणारे आणि ऊन चढताच मिटणारे. कोहळ्याचे फूलही पिवळेच, पण त्याचे फळ पिकले की अंगावर राख फासल्यासारखे पांढरे होते. पहिली दोन फळे ह्या देशात पुरातन काळापासून आहेत. तिसरे मात्र सोळाव्या शतकाच्या आधी ह्या भूमीवर कोणी पाहिलेलेही नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोजनाचे विस्ताराने वर्णन आहे. पण त्या राजाच्या पाकशाळेत तांबडा भोपळा नव्हता, बटाटा नव्हता, आणि आजच्या मराठी माणसाला ऐकून धक्का बसेल, पण मिरचीही नव्हती. तिखटपणाचे काम मिरी आणि आले करीत होते.

तांबड्या भोपळ्याचे माहेर अमेरिका खंड. ह्या कुळाला वनस्पतिशास्त्रात कुकुर्बिटा म्हणतात. त्यातल्या पाच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या, आणि पाचही तिकडच्या. आपल्या बाजारात त्यांपैकी मुख्यतः दोन दिसतात : मॉशाटा आणि मॅक्सिमा. एकोणिसाव्या शतकात ह्यांच्या मूळ देशाविषयी विद्वानांतही एकमत नव्हते. पुढे जमिनीतूनच साक्ष निघाली. पेरू देशाच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता ह्या ठिकाणी ज्युनिअस बर्ड ह्यांनी १९४६-४७ साली उत्खनन केले. तेथील लोकांना मातीचे भांडे घडवणे ठाऊक होण्यापूर्वीच्या थरांत भोपळ्याचे अवशेष मिळाले. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या गिला नाकित्स नावाच्या गुहेतही भोपळ्याच्या बिया सापडल्या होत्या. ब्रूस स्मिथ ह्यांनी १९९७ साली त्यांचा काळ ठरवला तेव्हा तो सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा निघाला. त्या बिया आपल्या भोपळ्याच्या नव्हेत, त्याच्या पेपो नावाच्या भावंडाच्या. परंतु सबंध घराण्याचे वय त्यांनी सांगून टाकले. तिकडच्या शेतकऱ्याच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकत्र वाढत. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवडा वर चढे, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवत.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रानटी भोपळ्याचा गर खाण्याजोगा नसतो. तो पातळ आणि जहाल कडू असतो. प्राचीन काळी हत्तीसारखे प्रचंड प्राणी तो खात आणि त्याच्या बिया दूरवर पसरवीत. मॅस्टोडॉन नावाच्या नष्ट झालेल्या गजवंशीय प्राण्याच्या हजारो वर्षे टिकलेल्या शेणात ह्या बिया आढळल्या आहेत. मग माणसाने अशा कडू फळाचा नाद का धरला असेल? अभ्यासकांचे मत असे की त्याने ते मुख्यतः बियांसाठी धरले. बी कडू नसते, त्यात तेल असते आणि ते टिकते. गोड आणि जाड गर ही नंतरची कमाई. पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी राखून ठेवणाऱ्या हातांनी ती घडवली. सोळाव्या शतकात सहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने मेक्सिकोतील लोकांच्या रीतीभातींचा मोठा ग्रंथ तयार केला. त्यात मिरची, टोमॅटो आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बिया ह्यांच्या कालवणाचा उल्लेख आहे. आपण जसे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे कूट आमटी-भाजीला लावतो, तसे ते लोक भोपळ्याच्या बियांचे कूट लावीत, आणि आजही लावतात. म्हणजे भोपळ्याच्या माहेरी मान आधी बियांना आणि मग गराला, असा क्रम होता. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

कोलंबसाचे गलबत १४९२ साली अमेरिकेस लागले. त्यानंतर हे फळ किती त्वरेने समुद्र ओलांडून आले त्याची साक्ष चित्रे देतात. रोममधील व्हिला फार्नेसिना नावाच्या वाड्यात १५१५ ते १५१८ ह्या काळात भिंती-छतांवर फळाफुलांच्या माळा रंगवल्या गेल्या, आणि त्या माळांत अमेरिकेचे भोपळे स्पष्ट ओळखू येतात. पंचवीस-सव्वीस वर्षांत नव्या जगाचा भोपळा इटलीच्या भिंतीवर चढला. इकडे वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला होता आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवे जिंकले होते. लिस्बनहून निघणाऱ्या जहाजांचा मार्ग ब्राझीलच्या बाजूने आफ्रिकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येई. मिरची, काजू, अननस, पपई ही सारी मंडळी त्याच शतकात आपल्याकडे आली, आणि भोपळाही त्याच काळाचा प्रवासी.

पण येथेच शब्दांची साक्ष मोठी मौजेची आहे. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी आपले नाव बरोबर आणले. बटाटा हा त्यांचा 'बताता', पपई हा 'पपाया', अननस तर जवळजवळ जसाच्या तसा, काजू हा 'काजू'. भोपळ्याला पोर्तुगीज लोक 'अबोब्रा' म्हणतात. ह्या शब्दाचा मागमूस मराठीत नाही. खुद्द गोव्यात, जेथे त्यांचे राज्य साडेचारशे वर्षे नांदले, तेथे कोकणीत त्याला 'दुदी' म्हणतात; म्हणजे दुध्याचेच नाव. देशावर तो तांबडा 'भोपळा' झाला, तेही दुध्या-कडू भोपळ्याचेच नाव. वऱ्हाड-नागपूरकडे त्याला 'कोहळे' म्हणतात. ते दुसऱ्या रहिवाशाचे नाव. कुठे तो 'डांगर' आहे, कुठे 'गंगाफळ', तर कुठे 'काशीफळ'. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या फळाला लोकांनी गंगेचे आणि काशीचे नाव द्यावे, ह्याहून अधिक गोड स्वागत कोणते? अमेरिकेतूनच आलेल्या दुसऱ्या एका फळाला आपण सीताफळ म्हणतो, हेही येथे आठवावे.

ह्यावरून आम्ही असे अनुमान काढतो की बटाट्यासारखा भोपळा परका म्हणून ओळखलाच गेला नसावा. वेल ओळखीचा, पान ओळखीचे, फळ ओळखीच्या घडणीचे; रंग तेवढा निराळा. लोकांनी त्याला नव्या जातीचा भोपळा मानला आणि जुन्या भोपळ्याच्या शेजारी त्याचे आळे केले. नावाबरोबर रीतीही त्याच्याकडे आल्या. अख्ख्या कोहळ्यावर घरच्या बाईने पहिला वार करू नये, पुरुषाने सुरी लावून द्यावी, असा जो संकेत आहे, तो काही घरांत तांबड्या भोपळ्यालाही पाळतात. चार-पाचशे वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्याला आपण हजारो वर्षांचे सोवळे नेसवले.

पण नाव मिळाले म्हणून कोणी घरचा होत नाही. तो घरचा झाला तो परसामुळे. भोपळ्याला नांगरट लागत नाही, बैल लागत नाहीत, सावकाराचे कर्जही लागत नाही. उकिरड्याच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्यापाशी चार बिया टोचल्या की पावसाळ्यात वेल छपरावर चढतो. हे पीक गृहिणीच्या अखत्यारीतले. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही असा नेम आहे. त्या दिवशीच्या भाजीत अळू आणि सुरण ह्यांच्या बरोबरीने तांबडा भोपळा पडतो, आणि मक्याचे कणीसही पडते. मका आणि भोपळा ही मेक्सिकोच्या शेतातली जुनी जोडी महाराष्ट्रात ऋषींच्या नावाने एका पातेल्यात पुन्हा भेटते! ज्या अंगणातल्या पिकाला नांगर लागला नाही, त्याला व्रताच्या ताटात वाट मोकळी मिळाली.

उपवासाचेही तसेच. आपल्या फराळाच्या ताटाकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले तर मन थक्क होते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि भोपळा ही सारी अमेरिकेची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका तिकडचा. राजगिऱ्याच्या दाण्याचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ तिकडेच नेतात. वरी आणि शिंगाडा तेवढे ह्या बाजूचे. ह्याचा उलगडा आम्ही असा करतो : शास्त्राने निषेध केला तो नावे घेऊन, आणि जी धान्ये ठाऊक होती त्यांचा. ज्यांची नावेच ग्रंथकारांच्या कानी पडली नव्हती त्यांना निषेध कसा लागू व्हावा? तेव्हा आपल्या ताटातले शुद्ध ते सारे येथले आणि बाहेरचे ते सारे बाटलेले, असा अभिमान बाळगणाऱ्याने एकादशीच्या दिवशी आपल्या ताटाकडे एकदा नीट पाहावे. आमच्या पूर्वजांनी वस्तूचे गोत्र विचारले नाही. तिला परसात जागा दिली, चुलीवर तिची परीक्षा घेतली, आणि मग देवापुढे ठेवली.

चुलीवरच्या त्या परीक्षेत काय काय सिद्ध झाले ते आता पाहू. भोपळ्याचा पहिला गुण टिकाऊपणा. पुरा पिकलेला, देठासकट काढलेला भोपळा माळ्यावर कोरड्या जागी काही महिने राहतो. बर्फाची कपाटे नव्हती तेव्हा भाजीची ती कोठीच होती. निवडताना नख लावून पाहावे : साल नखाला दाद देत नसेल, देठ वाळून कठीण झाला असेल आणि फळ आकाराच्या मानाने जड लागत असेल, तर तो पिकला. कापल्यावर एक बारीक तुकडा जिभेला लावावा. तो कडू लागला तर सबंध फळ निःशंकपणे टाकून द्यावे. त्या कडवटपणात रानटी पूर्वजाचे विष डोकावत असते, आणि ते शिजवल्याने जात नाही. दुध्यालाही हाच नियम.

साध्या भाजीत आपल्या बायकांनी मेथीदाण्यांची फोडणी ठरवली, ती चवीच्या मोठ्या जाणकारीने. भोपळा गोड, मेथी कडू. तिखट, चिंच किंवा आमसूल आणि गुळाचा खडा हे मध्यस्थ. फोडी सालीसकट मोठ्या कराव्यात, म्हणजे मोडत नाहीत. पाणी भाजीत घालू नये, झाकणीवर ठेवावे. भोपळ्याच्या गरात दहा भागांत नऊ भागांहून अधिक पाणीच असते, आणि ते त्याला शिजवावयास पुरते. भरितासाठी फोडी वाफवून, निववून, कुस्करून घ्याव्यात. दही, दाण्याचे कूट, मीठ, चिमूटभर साखर घालून वरून तूप-जिरे आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. ही फोडणी केवळ वासाची नव्हे. भोपळ्याला रंग देणारे केरोटिन स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच अंगी लागते, हे आजचे शास्त्र सांगते. आजीबाईंनी तुपाचा चमचा त्याआधीच घातला होता.

घारगे हे भोपळ्याचे खरे वैभव. दोन वाट्या किसाला एक ते सव्वा वाटी गूळ घालून तुपावर शिजवावे. गूळ विरघळला आणि कीस मऊ झाला की उतरवून, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ घालून, निवल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी मिसळावी. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. केळीच्या पानावर थापून, वर खसखस लावून मंद आचेवर तळावे. पाणी नसल्यामुळे ते दोन-तीन दिवस टिकतात, म्हणून ते प्रवासाचे खाणे झाले. विदर्भात हेच मिश्रण सैल ठेवून हाताने तेलात सोडतात आणि त्याला 'कोहळ्याचे बोंड' म्हणतात. सालही वाया जात नाही : ती बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत परतावी, आणि भाजलेले तीळ, सुके खोबरे, मिरची, मीठ ह्यांसह खलबत्त्यात कुटावी. फुलांची भजी होतात. त्यासाठी मात्र लांब दांड्याची नर फुले तोडावीत आणि परागणासाठी काही वेलीवर राखावीत. ज्या फुलाच्या बुडाशी चिमुकला भोपळा दिसतो, त्याला हात लावू नये.

राहिल्या बिया. आणि आमच्या बोलण्याचा खरा रोख येथेच आहे. भोपळ्याच्या माहेरी क्रम बी आधी आणि गर नंतर असा होता. आपल्याकडे तो उलटला. आपण गराचे सोने केले आणि बी दुय्यम ठरवले. तरीही जुन्या घरांत ते टाकीत नसत. सुपात बिया वाळत घातलेल्या असत, आणि दुपारी पोरे त्या सोलून खात. आज शहरांतल्या स्वयंपाकघरात काय दिसते? भाजी चिरताना मधला दोऱ्यादोऱ्यांचा गर बियांसकट केराच्या टोपलीत जातो, आणि संध्याकाळी तीच गृहिणी, किंवा तिचे यजमान, दुकानातून हिरव्या बियांची पुडी चांगले दाम मोजून आणतात, कारण त्यात जस्त आणि मॅग्नेशियम आहे असे कोणी सांगितलेले असते. आहे हे खरेच. सोललेल्या शंभर ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. पण हे धन सकाळी आपल्याच विळीखाली होते.

दुकानातल्या हिरव्या बिया पाहून कोणाला वाटेल की ती काही वेगळीच जात असावी. पुष्कळशा बिया नुसत्या सोललेल्या असतात. काही मात्र खरोखरच टरफलाशिवाय जन्मतात. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेपो भोपळ्यात आपोआप एक बदल घडला आणि बियांचे कठीण कवच नाहीसे झाले. तेथील शेतकऱ्यांनी ते बी हेरून राखले. त्याचे काळपट हिरवे तेल आज जगभर नावाजले जाते. आपल्या भोपळ्याच्या बियांना पांढरे टरफल असते, एवढाच फरक. आतला मगज तोच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अधिकृत औषधसंहितेत १८६३ पासून १९३६ पर्यंत ह्या बियांची नोंद जंतांवरचे औषध म्हणून होती.

घरी बिया करण्यात काही अवघड नाही. भोपळा कापल्याबरोबर बिया पाण्यात टाकून हाताने चोळाव्यात, दोरे सुटतात. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, निथळून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. बी वाकवले असता टचकन मोडले की वाळले. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, सारखे हलवीत भाजाव्यात. टरफले फुगून तडतडू लागली की उतरवाव्यात. त्या सोलून नुसत्या खाव्यात, किंवा त्यांचा मगज लसूण, सुकी मिरची आणि मीठ ह्यांसह कुटून चटणी करावी. दाण्याच्या कुटाऐवजी भाजीला लावले तर तीच मेक्सिकोची जुनी रीत झाली. एका मध्यम भोपळ्यातून मूठ-दोन मूठ बिया निघतात. मूठ लहान खरी, परंतु वर्षभरातल्या भोपळ्यांचा हिशेब कोणी करून पाहावा.

ह्याहून मोलाचा दुसरा उपयोग पेरणीचा. त्यासाठीच्या बिया मिठात घालू नयेत, भाजू नयेत. पूर्ण पिकून काही आठवडे ठेवलेल्या, चवीला उत्तम निघालेल्या फळाचे टपोरे बी निवडावे, सावलीत खडखडीत वाळवावे, चुलीच्या राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवावे. ही रीत आपल्या घरांत सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे चालत आली. माहेरहून निघालेल्या लेकीच्या ओटीत पुरचुंडी असे आणि पुढच्या पावसाळ्यात सासरच्या छपरावर माहेरचा वेल चढे. मेक्सिकोच्या गुहेत दहा हजार वर्षांपूर्वी ज्या हातांनी बी राखले, त्यांच्याच पंगतीत आमच्या ह्या आयाबाया बसतात. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या फळाचे बी राखले तर पुढची वेल आईवर जाईलच असे नाही, आणि मग दर साली बियाण्याच्या पुडीसाठी हात पुढे करावा लागतो. भारताने २००१ साली केलेल्या कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र जो हक्क कोणी बजावीत नाही तो कागदावरच राहतो. भोपळ्याच्या ज्या गावठी जातींचे बी कोणी राखले नाही, त्या कोणी मोडून काढल्या नाहीत. त्या केरात गेल्या.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वस्तू आपली कशाने होते? जन्मभूमीवरून म्हणावे, तर भोपळा आपला नाही, आणि मिरचीही नाही. ग्रंथाधाराने म्हणावे, तर ग्रंथांत त्याचे नाव नाही. कोणा राजाने हुकूम काढला नाही, कोणा आचार्याने व्यवस्था दिली नाही. तो आपला झाला तो आळे करणाऱ्या, वेल चढवणाऱ्या, मेथीची फोडणी शोधून काढणाऱ्या आणि मूठभर बी राखेत जपणाऱ्या, इतिहासात जिची नोंद नाही अशा बाईमुळे. आपलेपणा हा असा श्रमाने मिळतो, आणि श्रम थांबले की तो सुटतोही. ज्या घराने बी राखणे सोडले त्या घरात भोपळा पुन्हा पाहुणा झाला. बाजारातून यावयाचे आणि केरातून जावयाचे, एवढेच त्याचे नाते उरले.

आमची श्रोत्यांना विनंती मोठी नाही. चैत्र सरला, वैशाखाचे ऊन बियांना उत्तम. ह्या आठवड्यात घरी भोपळा आला तर भाजी खुशाल करावी, घारगे अवश्य करावेत. पण मधला गर टाकण्यापूर्वी बिया धुऊन सुपात पसराव्यात. चार खाण्यासाठी भाजाव्यात आणि चार मृगाच्या पावसासाठी राखेत ठेवाव्यात. ज्यांच्याकडे परसू नाही त्यांनी शेजाऱ्याला द्याव्यात. एका वेलीला पुरेल एवढी जागा अजून कोणत्याही गावात मिळते.